दुर्मीळ कोण : झुडूप की शोधणारा?

बजाजनगरात, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला लागून, ज्या प्लॉटवर अजून बांधकाम झालेले नाही तेथे पेटारी हमखास उगवलेली दिसते. काही भागांत तिला मुद्रा म्हणतात, वैद्यमंडळी अतिबला म्हणतात. लवदार, हृदयाकृती पाने, पिवळी फुले आणि कडेला खाचा असलेले चाकासारखे फळ यांवरून ती पाचवीतल्या मुलालाही ओळखता येते. या पेटारीची एक बहीण सह्याद्रीच्या उतारांवर वाढते. तिचे मराठी नाव सोनघंटा आणि शास्त्रीय नाव अब्युटिलॉन रानडेई. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील वुड्रो आणि लंडनजवळच्या क्यू उद्यानातील श्टाफ यांनी १८९४ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि रानडे या मराठी संग्राहकाचे नाव तिला दिले. उंच झुडूप आणि हिवाळ्यात त्यावर खाली तोंड करून लोंबणाऱ्या सोनेरी घंटा, असे तिचे रूप आहे.

पेटारी उष्ण कटिबंधातल्या अनेक देशांत आढळते. सोनघंटा मात्र महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचीच. मर्यादित प्रदेशाबाहेर न सापडणाऱ्या अशा जातीला प्रदेशनिष्ठ जाती म्हणतात. धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या याद्यांत सोनघंटेचे नाव वर्षानुवर्षे येत आले आहे. अशी यादी फळ्यावर लिहिली, की एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, ती नामशेष होईल हे कोणी मोजले? आणि कसे?" प्रश्न साधा आहे, पण "शास्त्रज्ञांनी ठरवले" एवढे उत्तर त्याला पुरणार नाही.

या लेखात आम्ही त्या मोजण्याच्या पद्धतीचेच परीक्षण करणार आहोत. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. आज जगभर वापरली जाणारी पद्धत चांगली आहे, कारण ती आपला हिशेब उघड मांडते. दोष आहे तो आपल्या वापरात. आपण हिशेब टाकून देतो आणि 'अतिसंकटग्रस्त' हे विशेषण तेवढे ठेवतो. डोंगरातल्या झुडपांच्या बाबतीत हे विशेष घातक ठरते, कारण तेथे त्या हिशेबात झुडपाइतकीच शोधणाऱ्याचीही मोजदाद झालेली असते.

शब्दांची यादी

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची (आय.यू.सी.एन.) स्थापना १९४८ सालची. धोक्यात आलेल्या जातींची 'लाल पुस्तके' साठच्या दशकात सुरू झाली. वनस्पतींचे पहिले जागतिक लाल पुस्तक १९७८ साली लुकास आणि सिंज यांनी संपादित केले. त्यात २५० जातींची माहिती होती. आपल्याकडे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने नायर आणि शास्त्री यांच्या संपादनाखाली १९८७ ते १९९० या काळात भारतीय वनस्पतींच्या लाल पुस्तकाचे तीन खंड काढले.

या खंडांचे मोल मोठे आहे. देशभरच्या वनस्पतिसंग्रहालयांत विखुरलेली माहिती त्यांनी एकत्र आणली. परंतु त्या काळी वर्ग ठरत ते शब्दांनी. 'संकटग्रस्त' म्हणजे धोक्याची कारणे चालू राहिली तर जी टिकण्याची शक्यता नाही अशी जाती. 'दुर्मीळ' म्हणजे जिची संख्या थोडी आहे, पण जी आज संकटग्रस्त नाही अशी. 'अनिश्चित' म्हणजे धोक्यात आहे हे नक्की, पण किती ते सांगता येत नाही अशी. आता 'थोडी' म्हणजे किती? 'शक्यता नाही' म्हणजे किती वर्षांत? दोन वनस्पतिशास्त्रज्ञ एकाच झुडपाला दोन वेगळ्या वर्गांत टाकू शकत होते आणि दोघांपैकी कोणाचे बरोबर हे तपासण्याचा मार्ग नव्हता. ज्या विधानाची तपासणी करता येत नाही ते कितीही जाणकाराने केले, तरी विज्ञानाच्या दृष्टीने ते मतच राहते.

आकड्यांची यादी

१९९१ मध्ये जॉर्जिना मेस आणि रसेल लांडे यांनी ही उणीव दाखवून आकड्यांवर आधारित निकष सुचवले. त्यांच्या आधारे संघाने १९९४ साली नवी पद्धत स्वीकारली आणि २००१ साली तिची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्या पायावरच आजची मूल्यमापने होतात. तिच्यात पाच निकष आहेत. 'ए' हा संख्या किती घटली याचा, 'बी' हा आढळण्याचे क्षेत्र किती लहान याचा, 'सी' हा संख्या लहान असून घटते आहे का याचा, 'डी' हा संख्या अत्यंत लहान आहे का याचा आणि 'ई' हा गणिती प्रतिमानावरून काढलेल्या नामशेष होण्याच्या संभाव्यतेचा. पाचांपैकी कोणताही एक निकष पुरा झाला तरी जातीला वर्ग मिळतो.

या बदलात एक गोष्ट घडली, ती आपल्या पाठ्यपुस्तकी सवयीत अजून उतरलेली नाही. 'दुर्मीळ' हा वर्गच रद्द झाला. कारण दुर्मीळ असणे आणि धोक्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादे झुडूप हजारो वर्षे दोन-तीन कड्यांवरच वाढत असेल आणि त्या कड्यांना कोणी हात लावत नसेल, तर ते दुर्मीळ आहे. पण त्याची संख्या घटत नाही. उलट एखादे झुडूप आज चार जिल्ह्यांत आहे, पण दर वर्षी त्याचे रान कमी होत आहे. ते दुर्मीळ नाही, तरी धोक्यात आहे.

म्हणूनच 'बी' निकषात नुसते लहान क्षेत्र पुरत नाही. त्याच्या जोडीला तीनपैकी किमान दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. पहिली, जाती फारच तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असणे किंवा मोजक्याच स्थळी असणे. दुसरी, घट चालू असणे. तिसरी, संख्येत टोकाचे चढउतार होणे. येथे 'स्थळ' हा शब्दही पारिभाषिक आहे. स्थळ म्हणजे गाव किंवा किल्ला नव्हे. एकाच संकटाने ज्यातली सारी झाडे थोड्या काळात सापडतील असा भाग म्हणजे एक स्थळ. पाच शेजारच्या उतारांवर एकच वणवा फिरणार असेल, तर हिशेबात ते एक स्थळ होते. संकट कोणते हे आधी ठरवल्याशिवाय स्थळे मोजताच येत नाहीत.

म्हणून 'अतिसंकटग्रस्त' या शब्दापुढे जी अक्षरे आणि आकडे असतात ती वाचली पाहिजेत. ती वर्गाची कारणे सांगतात. आपल्या वर्तमानपत्रांतून, मार्गदर्शकांतून आणि भित्तिपत्रकांतून नेमकी तीच गळतात.

डोंगराचे क्षेत्रफळ

आता हिशेब करून पाहू. क्षेत्र दोन प्रकारे मोजतात. जेथे जेथे जाती सापडली ते बिंदू नकाशावर मांडून सर्वांत बाहेरच्या बिंदूंभोवती दोरी ताणली, तर आत जे क्षेत्र येते ते विस्तारक्षेत्र. नकाशावर दोन किलोमीटर बाजूचे चौरस आखून ज्या चौरसांत जाती सापडली तेवढ्यांची बेरीज केली, तर मिळते ते व्याप्तक्षेत्र. एक चौरस म्हणजे ४ चौरस किलोमीटर. अतिसंकटग्रस्त वर्गासाठी व्याप्तक्षेत्र १० चौरस किलोमीटरपेक्षा कमी, संकटग्रस्तसाठी ५०० पेक्षा कमी आणि असुरक्षितसाठी २००० पेक्षा कमी असावे लागते. विस्तारक्षेत्रासाठी हेच आकडे अनुक्रमे १००, ५००० आणि २०,००० असे आहेत.

समजा, एक झुडूप दोन घाटांत सापडले आहे. दोन चौरस, म्हणजे ८ चौरस किलोमीटर. अतिसंकटग्रस्ताची क्षेत्राची मर्यादा पुरी झाली. पुढच्या हिवाळ्यात कोणी तिसरा घाट चढला आणि तेथेही ते दिसले. आता १२ चौरस किलोमीटर झाले आणि तीच जाती संकटग्रस्ताच्या मर्यादेत आली. झुडपाच्या बाजूने पाहिले तर काहीच बदललेले नाही. एक रोपही वाढले नाही. बदलली ती एका माणसाची पायपीट.

विस्तारक्षेत्राची गंमत वेगळी आहे. सह्याद्रीची धार उत्तर-दक्षिण लांबच लांब पण रुंदीला अरुंद आहे. उत्तरेला दहा किलोमीटर अंतरावर दोन बिंदू आणि दक्षिणेला दोनशे किलोमीटरवर तिसरा बिंदू घ्या. त्रिकोणाचे क्षेत्रफळ पाया गुणिले उंची भागिले दोन, म्हणजे फक्त १००० चौरस किलोमीटर. दोनशे किलोमीटर पसरलेली जाती विस्ताराच्या हिशेबाने ५००० च्या आत येते. याउलट डोंगररांग वळणाची असेल, तर ताणलेल्या दोरीच्या आत कोकणातली भातखाचरे आणि देशावरची ज्वारीची रानेही येतात. तेथे ते झुडूप कधीच उगवणार नाही, तरी विस्तार मोठा दिसतो.

शिवाय नकाशा सपाट असतो. उभ्या कड्याच्या कपारीत शंभर मीटर उंचीपर्यंत पसरलेली झुडपे नकाशावर एका रेघेत मावतात. पद्धत करणाऱ्यांना हे माहीत नव्हते असे नाही. सर्व जातींची तुलना करता यावी म्हणून त्यांनी एक ठरावीक माप स्वीकारले. एक किलोमीटरचा चौरस घेतला असता, तर वरच्या उदाहरणातले १२ चौरस किलोमीटर ३ झाले असते. तेव्हा हा आकडा झुडपाने प्रत्यक्ष व्यापलेली जमीन दाखवतो असे विद्यार्थ्यांना सांगू नये. तो तुलनेसाठी ठरवलेल्या चाळणीतून आलेला आकडा आहे.

कारवीची शिरगणती

संख्येवर आधारलेल्या निकषांत सगळी रोपे मोजत नाहीत, प्रजननक्षम तेवढीच मोजतात. माणसांच्या जनगणनेत लहान मुले धरतात, येथे धरत नाहीत. हे योग्यच आहे. ज्यांच्यापासून पुढची पिढी येणार त्यांच्यावर जातीचे भवितव्य अवलंबून असते. पण हा नियम कारवीला लावून पाहा.

कारवी आपल्या डोंगरांत मुबलक आहे, तिला नामशेष होण्याचा धोका नाही. सात वर्षे ती नुसती वाढते, मग एकाच हंगामात सगळा डोंगर जांभळा होतो, बी धरते आणि झुडपे वाळून जातात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८ साली फुलली आणि नंतर २०१६ साली. एखाद्या उतारावर पाचव्या वर्षी जाऊन शब्दशः मोजले, तर हजारो झुडपे असूनही प्रजननक्षम शून्य. आठव्या वर्षी गेलो तर सगळीच्या सगळी. त्यापुढच्या उन्हाळ्यात जिवंत झुडूप शोधावे लागेल. जाती मात्र बियांच्या रूपाने मातीत सुखरूप असेल. ही तीन टिपणे तीन वेगळ्या माणसांनी केली असतील, तर तिसरा म्हणेल की संख्येत टोकाचे चढउतार आहेत आणि 'बी' निकषाची तिसरी अट पुरी झाली.

जाणकार मूल्यमापक असे शब्दशः मोजत नाहीत; ते पूर्ण चक्र विचारात घेतात. पण कारवीचे चक्र आपल्याला ठाऊक आहे, कारण ती सर्वत्र आहे आणि तिच्या काठ्यांनी घरांचे कूड भरणाऱ्या लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. तिच्याच कुळातल्या, एखाद-दुसऱ्या डोंगरावर वाढणाऱ्या जातीचे चक्र पाहणारा कोणी नसेल तर काय? तेथे एका भेटीतल्या मोजणीवर विसंबणे धोक्याचे आहे.

खिडकीबाहेरचे नुकसान

कारवीची दक्षिणेतली बहीण म्हणजे नीलकुरिंजी. निलगिरी, पळणी, अनैमलई आणि मुन्नारच्या उंच गवताळ डोंगरांवरचे हे प्रदेशनिष्ठ झुडूप बारा वर्षांनी फुलते. २००६ आणि २०१८ ही त्याच्या अलीकडच्या फुलोऱ्याची वर्षे. केरळात त्याच्यासाठी २००६ मध्ये कुरिंजीमला अभयारण्य जाहीर झाले. २०२४ मध्ये संघाच्या लाल यादीत त्याला 'असुरक्षित' वर्ग मिळाला, तो 'ए' निकषाखाली, अधिवास घटल्याच्या कारणाने.

'ए' निकष सांगतो, की घट मोजायची ती दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात. गेल्या तीन पिढ्यांत संख्या ३० टक्के वा अधिक घटली तर असुरक्षित, ५० टक्के घटली तर संकटग्रस्त, ८० टक्के घटली तर अतिसंकटग्रस्त. बारा वर्षांची पिढी धरली तर नीलकुरिंजीसाठी खिडकी ३६ वर्षांची होते. २०२४ मधून ३६ वजा केले की १९८८ येते. पण निलगिरीत निलगिरीची झाडे (युकॅलिप्टस) आणि ऑस्ट्रेलियन बाभळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आणल्या गेल्या. चहाचे मळेही त्याच शतकापासूनचे. जे डोंगर १९८८ पूर्वीच मळ्यांखाली गेले, त्यांचे नुकसान या खिडकीतून दिसत नाही. खिडकी जितकी पुढे सरकेल तितके जुने नुकसान हिशेबाबाहेर जाईल, आणि जे उरले तेच पूर्वापार असे वाटू लागेल.

यात निकषाचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. निकष एकच प्रश्न विचारतो : ही जाती आज किती वेगाने नाहीशी होत आहे? आपण किती गमावले, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर जुन्या नकाशांत, वनखात्याच्या नोंदींत आणि वृद्ध माणसांच्या आठवणींत शोधावे लागते. चूक होते ती पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याचे म्हणून सांगण्यात.

कोणी शोधले, कोठे शोधले?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. या सगळ्या हिशेबाचा कच्चा माल म्हणजे वनस्पतिसंग्रहालयातले वाळवलेले नमुने आणि त्यांवरच्या चिठ्ठ्या. त्या चिठ्ठ्या वाचल्या तर कळते, की नमुने रस्त्याच्या, घाटवाटांच्या आणि थंड हवेच्या ठिकाणांच्या आसपास दाटतात. आणखी एक गोष्ट म्हणजे ऋतू. पठारे फुलतात ती पावसाळ्याच्या अखेरीस, आणि संग्राहकांची गर्दीही तेव्हाच. सोनघंटा हिवाळ्यात फुलते. फुले नसताना ते झुडूप पेटारीच्या इतर बहिणींसारखेच दिसते. ऑगस्टमध्ये तिच्या शेजारून गेलेल्याने 'आढळली नाही' असे लिहिले, तर ते खरे असूनही दिशाभूल करणारे आहे.

आपल्या मराठवाड्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातले वनस्पतिशास्त्रज्ञ आजही तो उघडतात. परंतु छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, निजामाच्या राज्यात होते. मुंबई इलाख्याची हद्द जेथे संपली तेथे त्या ग्रंथाचीही हद्द संपली. मराठवाड्याच्या वनस्पतींचा सविस्तर ग्रंथ व्ही. एन. नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केला तो १९९८ साली. एखादे झुडूप म्हैसमाळच्या माथ्यावर गेल्या शंभर वर्षांत कमी झाले का, हे विचारले तर तुलनेला आधारच नाही. महाबळेश्वरच्या झुडपाबद्दल तोच प्रश्न विचारला तर जुना आधार निघतो. डोंगराच्या वनस्पतींना राज्यांच्या सीमा माहीत नसतात, पण त्यांच्याविषयीच्या ज्ञानाला असतात.

शोध वाढला की चित्र कसे बदलते, याची दोन उदाहरणे पाहू. दोन्ही झुडपे नाहीत, पण आपल्याच डोंगरातली आहेत. शिंदळ माकुडी ही कड्यावर वाढणारी मांसल खोडाची वनस्पती. डाल्झेल यांनी १८६५ मध्ये जुन्नरच्या परिसरातून तिचे वर्णन केले. ती फार थोड्या जागी आहे अशी समजूत दीर्घकाळ होती. नंतर अभ्यासकांनी कडे धुंडाळले तसतशी पुरंदर-वज्रगड, महाबळेश्वरचा परिसर अशी नवी ठिकाणे मिळत गेली. दुसरे उदाहरण हुबार्डिया या नाजूक गवताचे. १९१९ मध्ये गेरसप्पाच्या धबधब्याजवळ गोळा केलेल्या नमुन्यांवरून बोर यांनी १९५१ साली त्याचे वर्णन केले. पुढे ते तेथे मिळेना, आणि नामशेष झाले असे मानले गेले. या शतकाच्या सुरुवातीला शिवाजी विद्यापीठाचे एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते तिलारीच्या परिसरात जिवंत सापडले.

हाच प्रकार जागतिक आकड्यांतही दिसतो. २०१० साली क्यू येथून जाहीर झालेल्या अभ्यासानुसार जगातल्या पाचांपैकी एक वनस्पती धोक्यात होती. २०२० च्या अहवालात ते प्रमाण पाचांपैकी दोन झाले. दहा वर्षांत धोका दुप्पट झाला, असा अर्थ अनेकांनी लावला. वस्तुतः कोणत्या जातींचे मूल्यमापन आधी होते आणि कोणत्या मागे राहतात, हा असमतोल हिशेबात घेण्याची रीत त्या काळात सुधारली होती. फरकाचा मोठा भाग त्या रीतीचा होता.

दोन प्रकारच्या चुका

"मग यादी लांबट-आखूड झाली तर बिघडले कोठे?" असे कोणी विचारील. बिघडते, आणि दोन्ही बाजूंनी बिघडते.

जिवंत जातीला नामशेष म्हटले, की तिच्या जागेची राखण कोणी करीत नाही. ज्युलिएट मेली असे समजून रोमिओने विष घेतले आणि नंतर ती जागी झाली. संवर्धनशास्त्रात या चुकीला रोमिओची चूक असेच म्हणतात. तिलारीतला तो ओला कडा हुबार्डिया सापडण्यापूर्वीच फुटला असता, तर गवताचा मृत्यू खरोखरच झाला असता आणि आपली जुनी नोंद बिनचूक ठरली असती!

दुसरी चूक अधिक सर्रास होते. ज्या जातीचे मूल्यमापनच झालेले नाही ती सुरक्षित आहे असे धरले जाते. कोल्हापूरच्या पठारांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या, साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. अशा प्रकल्पांच्या अहवालात 'यादीतील एकही वनस्पती आढळली नाही' हे वाक्य आले, की वाचणारा निश्चिंत होतो. त्या वाक्याने तीन प्रश्न झाकले जातात : कोणत्या महिन्यात पाहिले? किती दिवस पाहिले? आणि तेथल्या किती जातींचे मूल्यमापन मुळात झाले आहे? 'माहिती अपुरी' आणि 'मूल्यमापन झालेले नाही' हे दोन्ही शेरे अज्ञानाचे आहेत. त्यांना अभयपत्र समजू नये.

यादीत नाव असले तरी कायद्याचे संरक्षण आपोआप मिळत नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३८ व्या कलमानुसार केंद्र सरकार राज्याच्या सल्ल्याने नामशेष होऊ घातलेल्या जाती अधिसूचित करू शकते. पण ते वेगळे पाऊल आहे. लाल यादी तज्ज्ञांचा सल्ला देते, हुकूम देत नाही. आणि सल्ल्याचे वजन त्याच्यामागच्या पुराव्यावरून ठरते. म्हणूनच पद्धतीत पुराव्याच्या प्रतीही ठरवल्या आहेत : प्रत्यक्ष पाहिलेले, मोजणीवरून अंदाजलेले, अप्रत्यक्ष खुणांवरून अनुमानलेले आणि केवळ संशयित. एखाद्या झुडपाची घट 'पाहिलेली' आहे की 'संशयित', हे जो वाचत नाही त्याने यादी वाचलीच नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

हे सर्व विद्यार्थ्यांना व्याख्यानाने पटणार नाही; हिशेब करून पटेल. दुर्मीळ जाती त्यासाठी मुळीच नको. दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा तीस मुलांना दाखवणे म्हणजे तिच्या वाट्याला तीस जोड्या पाय आणि एखादा उपटणारा हात आणून देणे आहे. धायटी, मुरूडशेंग किंवा करवंद असे एखादे ओळखीचे झुडूप घ्यावे.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन किलोमीटर म्हणजे चार सेंटिमीटर. दौलताबाद, खुलताबाद, म्हैसमाळ या भागावर चार सेंटिमीटरचे चौरस आखा. बजाजनगर, वाळूज किंवा शहरातल्या शाळेला हे डोंगर एका दिवसाच्या सहलीत जमण्यासारखे आहेत. विद्यार्थ्यांचे गट पाडा. एका गटाने फक्त डांबरी रस्त्याने जावे, दुसऱ्याने पायवाटांनी, तिसऱ्याने उतारांवर शिरावे. प्रत्येकाने आपापल्या नोंदींवरून त्याच झुडपाचे व्याप्तक्षेत्र काढावे. झुडूप एक, डोंगर एक, दिवस एक आणि उत्तरे तीन येतील. त्यानंतर तिघांच्या नोंदी एकत्र करून पुन्हा हिशेब करा, आणि मग विचारा की यातला कोणता आकडा झुडपाचा आणि कोणता आपला.

नोंदवहीत प्रत्येक चौरसासाठी तीन रकाने असू द्यावेत : 'पाहिले आणि सापडले', 'पाहिले पण सापडले नाही', 'पाहिलेच नाही'. वनस्पतिसंग्रहालयातल्या चिठ्ठ्यांवर फक्त पहिला रकाना असतो. दुसरा भरायला चिकाटी लागते. तिसरा भरायला सर्वांत सोपा, पण तो लिहून ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही. शाळांनी वर्षानुवर्षे, वेगवेगळ्या ऋतूंत हे तिन्ही रकाने भरले, तर पुढे कोणी म्हैसमाळच्या झुडपांचे मूल्यमापन करायला बसेल तेव्हा त्याला निदान एवढे कळेल की कोणत्या उतारावर झुडूप नाही आणि कोणत्या उतारावर अजून कोणी गेलेलेच नाही.